‘ध’ चा ‘मा’ : न चाललेल्या खटल्याचा निकाल

मराठी व्याकरणाचे कोणतेही शालेय पुस्तक घ्या आणि शेवटी दिलेली वाक्प्रचारांची यादी काढा. ‘ध’ चा ‘मा’ करणे, म्हणजे मजकुरात कपटाने फेरफार करणे. अर्थ एका ओळीचा; पण त्या एका ओळीत एक खून आहे, एक आरोपी आहे आणि त्या आरोपीला झालेली शिक्षाही आहे. आरोपीचे नाव आनंदीबाई, राघोबादादा पेशव्यांची पत्नी. ज्याने पेशवाईच्या इतिहासाचे एक पानही उलटले नाही, त्या माणसालाही हा निकाल तोंडपाठ असतो. न्यायालयाच्या निकालावर वर अपील करता येते. भाषेने दिलेल्या निकालावर अपील कोठे करायचे?

इच्छापोरला राहून सुरतेच्या बाजूस मराठी शाळा सांभाळणाऱ्या माणसाने पुण्याच्या शनिवारवाड्यातील प्रकरणात का पडावे, असे काही रसिक वाचक म्हणतील. त्यांना एवढेच सांगतो की या प्रकरणाचे पाय शेवटी आमच्याच दारी आले. पुण्याची गादी हातची गेल्यावर, खंबायतेजवळ मार खाऊन, भावनगरमार्गे गलबतातून राघोबादादा १७७५ च्या फेब्रुवारीत सुरतेस उतरले. मार्च १७७५ मध्ये इंग्रजांशी त्यांचा जो तह झाला, तो ‘सुरतेचा तह’ म्हणूनच आजही पाठ्यपुस्तकांत आहे. इच्छापोरहून निघून तापी ओलांडली की चौक बाजाराच्या अंगास सुरतेचा किल्ला दिसतो. आमच्या वर्गात बसणारी बहुतेक मुले खानदेशातून पोटामागे आलेल्या घरांतली. त्यांना हा किल्ला दाखवताना शिवाजीमहाराजांच्या सुरतस्वारीचे नाव निघते, राघोबादादाचे कोणी काढत नाही. पराभूत आणि लाजिरवाण्या माणसाचे स्मारक कोण दाखवणार? असो.

ज्याविषयी कोणाचाही वाद नाही, ते आधी सांगून टाकतो. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरले माधवराव थेऊरला वारले आणि त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. चुलते राघोबादादा शनिवारवाड्यातच नजरकैदेत होते. सोमवार, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणपतीच्या दिवसांत, भर दुपारी पगाराच्या थकबाकीचे निमित्त करून गारदी वाड्यात शिरले. सुमेरसिंग, महंमद इसफ, खरकसिंग हे त्यांचे पुढारी. अठरा वर्षांचा पेशवा धावत चुलत्याच्या दालनात गेला आणि त्याच्या गळ्यात पडला. दादांचा खिजमतगार तुळाजी पवार याने त्याला ओढून वेगळे केले आणि गारद्यांनी त्याला तोडला. मध्ये पडलेला चापाजी टिळेकर धन्याच्या अंगावरच मेला. इच्छारामपंत ढेरे आणि आणखी काही जण त्या धुमाळीत कापले गेले. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, दादांना दोषी धरले आणि पुणे सोडले. इथपर्यंत मराठी बखरी, पत्रे आणि इंग्रजी इतिहास एका सुरात बोलतात.

त्यापुढे सूर फाटतो. दादांनी काय हुकूम दिला होता? ठार मारण्याचा, की फक्त पकडण्याचा? एक पक्ष म्हणतो, दादांनीच पुतण्याचा जीव घेतला. दुसरा म्हणतो, दादांना नारायणरावास कैद करून स्वतः मोकळे व्हायचे होते, खून त्यांच्या मनात नव्हता. ही दोन विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. मग तिसरी गोष्ट पुढे येते. दादांनी गारद्यांना लिहून दिलेल्या कागदात ‘धरावे’ असे होते, आनंदीबाईने ‘ध’ खोडून ‘मा’ केला आणि ‘धरावे’चे ‘मारावे’ झाले. किती सोयीची गोष्ट आहे पाहा! पहिला पक्ष खरा, कारण कागदावर ‘मारावे’ होते. दुसराही खरा, कारण दादांनी ‘धरावे’ लिहिले होते. दोन्ही साक्षीदार सच्चे ठरले, भांडण मिटले. फक्त ते मिटवायला एक बाई लागली.

माझ्या या लेखाचा सगळा भार या एका निरीक्षणावर आहे. परस्परविरोधी साधनांचा मेळ घालताना इतिहासकाराला एक मोह नेहमी पडतो. दोन्ही साधने राखायची आणि त्यांच्यामधली फट एखाद्या तिसऱ्या माणसाच्या कपटाने बुजवायची. हा मोह गोष्ट सांगणाऱ्याला शोभतो. तपास करणाऱ्याने आधी हे विचारायला हवे की ही तिसरी गोष्ट कोणी, कधी आणि कोणाच्या तोंडून ऐकून लिहिली.

या अक्षरबदलाची छापील वाट शोधत मागे गेले की आपण ज्या इमारतीपाशी येऊन थांबतो ती कॅप्टन जेम्स ग्रँट डफ याची. सातारला छत्रपतींच्या दरबारी रेसिडेंट असलेल्या या स्कॉटिश अधिकाऱ्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये लंडनला तीन खंडांत निघाला. खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. डफने कष्ट कमी केले नाहीत. दफ्तरे पाहिली, जुन्या माणसांना बोलते केले. पण या जागी त्याची भाषा काय आहे, हे नीट पाहण्यासारखे आहे. रामशास्त्र्यांच्या हाती तो कागद आला आणि त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ झालेले दिसले, असे तो सांगतो. तो बदल कोणी केला याविषयी मात्र तो लोकांच्या समजाचा आधार घेतो. आनंदीबाईने केला असा सर्वत्र विश्वास आहे, असे त्याचे म्हणणे. म्हणजे कागद ही एक बाब आणि बाई ही दुसरी. पहिलीला निदान रामशास्त्र्यांचे नाव आहे, दुसरीला फक्त ‘लोक म्हणतात’. आपल्या वाक्प्रचाराने या दोन बाबींची एकच बाब करून टाकली.

या समजाचा काळही लक्षात घ्यावा. आनंदीबाईचा मुलगा दुसरा बाजीराव १७९६ पासून १८१८ पर्यंत पुण्यात पेशवा होता. तो गादीवर असताना त्याच्या मातोश्रींनी खून करवला असे लिहिण्याची छाती कोणाची होती? १८१८ नंतर हाच बाजीराव ब्रह्मावर्तास जाऊन बसला आणि पेशवाई का बुडाली याचा जाब प्रत्येकजण प्रत्येकाला विचारू लागला. राज्य बुडवणाऱ्याच्या आईविषयी त्या वेळी वाईट बोलायला कोणाला पैसे मोजावे लागत नव्हते. डफने ज्यांना बोलते केले ती माणसे या वातावरणातली. ती खोटे बोलली असे मी म्हणत नाही. मात्र त्यांच्या आठवणीवर पंचेचाळीस-पन्नास वर्षांचा आणि एका पराभवाचा थर बसला होता, हे विसरून त्यांची साक्ष वाचता येत नाही.

पुढची गोष्ट आमच्या व्यवसायाशी संबंधित आहे, म्हणून तिच्यापाशी थोडा रेंगाळतो. डफच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर १८३० च्या सुमारास झाले. कॅप्टन डेव्हिड केपन आणि बाबा साने यांनी ते केले आणि त्याला नाव दिले ‘मराठ्यांची बखर’. नाव पाहा. इंग्रजाने पुण्या-सातारच्या लोकांकडून ऐकलेली गोष्ट इंग्रजीत गेली आणि चार वर्षांत ‘बखर’ म्हणून मराठीत परत आली. शाळांतून हेच पुस्तक वाचले जाऊ लागले. पुढच्या पिढीला ही गोष्ट पंतोजींनी सांगितली, पंतोजींना पुस्तकाने, पुस्तकाला डफने आणि डफला पुण्याच्या आळीने. मग कोणी विचारले, पुरावा काय, तर उत्तर तयार: बखरीत आहे, इंग्रजी इतिहासात आहे, शाळेच्या पुस्तकात आहे, आजीही हेच सांगते. चार साक्षीदार दिसतात, पण चौघे एकाच घरचे. अशा साक्षीदारांना वेगवेगळे मोजायचे नसते. वकिलाला हे कळते, पण इतिहासाच्या वाचकाला अनेकदा कळत नाही.

डफची झाडाझडती घेणारा पहिला मराठी माणूस नीळकंठ जनार्दन कीर्तने. १८६० च्या दशकात, अगदी तरुण वयात, त्यांनी डफच्या इतिहासावर टीका लिहिली. एतद्देशीय माणसाने साहेबाच्या ग्रंथाला ‘हे कशावरून?’ असे विचारले, याचे मोल मला अजूनही मोठे वाटते. त्यानंतर साधने छापण्याचे युग आले. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेस बसून पटवर्धन घराण्याची पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त काढली. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून ‘साधनां’चे खंड काढले. रियासतकार सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तराचे ४५ खंड संपादिले. या थोरांच्या कष्टांमुळे खुनाच्या काळातली, त्या वर्षातली पत्रे आपल्या हाती आली. आणि या पत्रांत गारदी आहेत, पगाराचा तगादा आहे, दादासाहेब आहेत, कट आहे; अक्षर बदलल्याची हकीकत मात्र अभ्यासकांना त्यांत मिळालेली नाही. तो मूळ कागदही कोणत्या प्रकाशित खंडात आलेला नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. पत्रांत उल्लेख नाही म्हणून घटनाच घडली नाही, असे कसे म्हणता? म्हणता येत नाहीच. मौन हा पुरावा केव्हा होतो? जेव्हा बोलण्याचे कारण असूनही माणूस गप्प बसतो तेव्हा. म्हणून बोलण्याचे कारण कोणाला होते ते पाहू. खुनानंतर बारभाईंनी दादांविरुद्ध उठाव केला. नारायणरावाची विधवा गंगाबाई गरोदर होती. तिला पुरंदरावर नेले, १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले आणि त्या बाळाच्या नावाने राज्य चालले. बारभाईंची सगळी नैतिक बाजू एका वाक्यावर उभी होती, की दादा खुनी आहेत आणि खुन्याला गादी नाही. त्यांना ‘ध’ चा ‘मा’ ही गोष्ट परवडणारी नव्हती. तिने दादांचा गुन्हा हलका होतो. ते गप्प बसले यात नवल नाही.

पण दादांच्या बाजूचे काय? त्यांना तर ही गोष्ट सोन्याच्या मोलाची होती. सुरतेस दादा इंग्रजांपुढे हात पसरून बसले होते. इंग्रज अडीच हजार फौज देणार, तीत सातशे गोरे. दादा महिना दीड लाख रुपये भरणार, साष्टी-वसई देणार, सुरत-भडोचच्या वसुलात वाटा देणार आणि सहा लाखांचे तारण ठेवणार. रोकड नव्हती म्हणून जडजवाहीर ठेवले. असा सौदा करणाऱ्याला, ‘मी खुनी नव्हे, माझ्या हुकुमात ‘धरावे’ होते’ एवढे सांगता आले तर किती सोपे झाले असते! वारन हेस्टिंग्जच्या कलकत्त्याच्या कौन्सिलने सुरतेचा तह नामंजूर केला आणि कर्नल अप्टनला पुण्याकडे धाडले. मार्च १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. या बोलाचालीत बारभाईंचा मोठा मुद्दा खुनाचाच होता. बोलायचे तर हाच प्रसंग होता. तरी या सगळ्या वाटाघाटींचा जो इतिहास लिहिला गेला, त्यात दादांचा बचाव म्हणून हा कागद कोठे उभा राहिलेला दिसत नाही. नवऱ्याने पत्नीची लाज राखली असे कोणी म्हणेल. राखली असेलही, पण गादी, फौज आणि जवाहीर घालवून लाज राखणारा तो पुरुष नव्हता, असे त्याच्या बाकी चरित्रावरून मला वाटते.

आता थोडे अक्षराकडे वळू. आम्हा शिक्षकांचे आयुष्य खाडाखोड केलेल्या उत्तरपत्रिका पाहण्यात जाते, म्हणून हा अधिकार मी सांगतो. ‘धरावे’चे ‘मारावे’ करायला ‘ध’ चा ‘म’ करून भागत नाही, त्याला काना द्यावा लागतो. भाषेने हा बारकावा नेमका पकडला आहे. म्हणूनच ‘ध’ चा ‘मा’, ‘म’ नव्हे. दोन अक्षरांच्या मध्ये काना घुसवायला जागा लागते, आणि ती बदललेली जागा डोळ्यांत भरते. रामशास्त्र्यांना ती दिसली, असे गोष्टच सांगते. मग जे शास्त्र्यांना दिसले ते कागद घेणाऱ्यांना दिसले नाही का? येथे दुसरा प्रश्न निघतो. गारद्यांचे पुढारी उत्तरेकडचे. दादांच्या कारकुनी मोडीतला कागद त्यांना कोणी वाचून दाखवला? वाचून दाखवणाऱ्याला अक्षर बदलावेच लागत नाही, तोंडाने ‘मारावे’ म्हटले की काम झाले. आणि खून झाल्यावर तो कागद ज्याच्या हाती असेल, त्याचा सारा बचाव त्या एका अक्षरावर लटकत होता. ‘धरावे’ असेल तर खून त्याचा, ‘मारावे’ असेल तर हुकूम देणाऱ्याचा. अक्षर बदलण्याची निकड सर्वांत जास्त कोणाला होती? गारद्याला, किंवा निरोप्याला. तसे झाले असे माझे म्हणणे नाही. कागद तीन-चार हातांतून गेला असेल तर संशयही त्या तीन-चार हातांवर सारखा वाटला पाहिजे, एवढेच म्हणणे आहे.

डफच्या हकीकतीत आणखी एक गाठ आहे. रामशास्त्र्यांना दादांनी प्रायश्चित्त विचारले तेव्हा त्यांनी देहान्ताखेरीज प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले, ही गोष्ट प्रत्येक शाळेत सांगतात. सांगावीच. पण ज्या न्यायाधीशाला दादांचा हुकूम फक्त ‘धरावे’ होता हे कळले, त्याने दादांचा देह मागावा आणि अक्षर बदलणाऱ्याविषयी अवाक्षर काढू नये? एक तर शास्त्र्यांनी ती खाडाखोड महत्त्वाची मानली नाही, नाहीतर ती त्यांच्यापुढे आलीच नाही. १७७४ मध्ये बारभाईंचा अंमल बसल्यावर शास्त्रीबोवा पुन्हा न्यायासनावर आले आणि १७८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचा दरारा राहिला. या काळात गारद्यांचा पाठलाग झाला. तुळाजी पवार हैदरअलीच्या आश्रयाला पळाला होता, तोही पुण्याच्या हाती आला आणि त्याला देहान्त शासन झाले. आनंदीबाईवर मात्र खटला उभा राहिला नाही.

तिच्याविरुद्ध काहीच नाही, असा माझा आग्रह नाही. ती वाड्यात होती. ती बुद्धिमान होती, राजकारण समजत होती, नवरा कैदेत पडल्याची चीड तिला असणार. सरदेसाईंनी कटात सामील असलेल्या ४९ जणांचा हिशेब दिला आहे. त्यात चोवीस ब्राह्मण आहेत, सारस्वत, प्रभू, मराठे आहेत, मुसलमान आणि उत्तरेकडचे हिंदू आहेत, आणि एक मराठा दासीही आहे. ती दासी कटाच्या निरोपांसाठी वापरली गेली असेल तर अंतःपुराचा दरवाजा अगदीच बंद नव्हता, हे मानावे लागते. हा मुद्दा मी लपवीत नाही. पण दासीचा निरोप आणि बाईसाहेबांची खाडाखोड यांत जे अंतर आहे, ते पुराव्याने भरायचे असते, आवेशाने भरता येत नाही.

आवेशाने भरण्याचे काम रंगभूमीने केले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘भाऊबंदकी’ १९०९ मध्ये रंगभूमीवर आले. नाटक म्हणून ते बळकट आहे. रामशास्त्री आणि दादा समोरासमोर येतात ते प्रवेश मराठी नाटकाचे भूषण आहेत. त्याआधी दोनच वर्षे, डिसेंबर १९०७ मध्ये, आमच्या या सुरतेतच काँग्रेस दुभंगली होती. जहाल-मवाळांची भाऊबंदकी खुर्च्या फेकण्यापर्यंत गेली होती. लोकमान्य १९०८ पासून मंडालेच्या तुरुंगात होते, आणि खाडिलकर तर ‘केसरी’चे. १९०९ च्या प्रेक्षकाला पडद्यामागे शनिवारवाडा जेवढा दिसला असेल, तेवढाच सुरतेचा मंडपही दिसला असेल, असे मला वाटते. अशा नाटकाला घर फोडणारे पात्र लागतेच. खाडिलकरांनी शेक्सपिअर रिचवला होता, आणि त्यांच्या आनंदीबाईत मला लेडी मॅक्बेथ स्वच्छ दिसते. चंचल नवरा, कणखर बायको, रक्ताची वाट. पण लेडी मॅक्बेथला निदान पश्चात्तापाचे वेड लागते, तिच्यासाठी आपण एक उसासा टाकतो. आनंदीबाईच्या वाट्याला मराठी प्रेक्षकाने तेवढेही येऊ दिले नाही. पुढे १९४४ मध्ये प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. गजानन जागीरदारांचे शास्त्रीबोवा आणि ललिता पवारांची आनंदीबाई ज्यांनी पाहिली, त्यांना इतिहासाची वेगळी साधने वाचण्याची गरज उरली नाही. डोळ्यांनी पाहिले म्हणजे झाले!

नाटककाराला स्वातंत्र्य असते, हे मी मानतो. त्याने पुराव्याशी बांधून घ्यावे असा हट्ट धरला तर नाटकेच होणार नाहीत. माझी तक्रार समीक्षेशी आहे. रामशास्त्री पात्र कसे उतरले, भाषा कशी आहे, अंक किती, यावर आपण पानेच्या पाने लिहिली. या नाटकाने एका खऱ्या बाईचे काय केले, हे विचारण्याचे मात्र फारसे कोणाला सुचले नाही. एक उदाहरण देतो. आईची महत्त्वाकांक्षा, मुलाला गादी मिळावी म्हणून तिने केलेले कपट, असा हेतू व्याख्यानांतून आणि शालेय नाटुकल्यांतून तिच्यावर सर्रास चिकटवला जातो. तारखा लावून पाहा. खून ऑगस्ट १७७३ चा. बाजीराव जन्मला १० जानेवारी १७७५ रोजी, धारला. म्हणजे सोळा महिन्यांनी. खुनाच्या दिवशी दादांच्या घरात वारस होता तो १७६८ मध्ये दत्तक घेतलेला अमृतराव. ज्या मुलासाठी तिने पुतण्या मारवला असे आपण म्हणतो, तो मुलगा त्या वेळी पोटातही नव्हता.

आणखी एक तुलना करण्याचा मोह आवरत नाही. सखारामबापू बोकील यांचे वर्तन या प्रकरणात पहिल्यापासून संशयास्पद. दोन्ही दरडींवर पाय. दादांशी संधान, बारभाईंत मानाचे पान, पुन्हा दादांशी संधान. अखेर नानांनी १७७९ मध्ये त्यांना कैद केले आणि ते कैदेतच वारले. अशा बापूंना मराठी भाषेने काय दिले? ‘साडेतीन शहाण्यां’त एक पूर्ण शहाणपण! आणि आनंदीबाईला दिला कपटाचा वाक्प्रचार. पुरुषाचे दुटप्पी वर्तन मुत्सद्देगिरी होते आणि बाईची न सिद्ध झालेली कृती म्हण होते. याचा विचार इतिहासकारांनी करो वा न करो, भाषा शिकवणाऱ्यांना केल्यावाचून सुटका नाही.

लोकस्मृतीचीही एक गंमत आहे. त्या दिवसाच्या दोन गोष्टी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. एक ‘काका, मला वाचवा!’ ही हाक आणि दुसरी हा ‘ध’ चा ‘मा’. हाकेच्या गोष्टीत आरोपी काका आहे. वाचवू शकत होता आणि वाचवले नाही. अक्षराच्या गोष्टीत आरोपी काकू आहे, काका तिचा बळी. एकाच श्वासात आपण दोन्ही गोष्टी मुलांना सांगतो आणि त्या एकमेकींना छेद देतात हे आपल्या गावीही नसते. मला विचाराल तर या दोहोंत हाकेची गोष्ट साधनांच्या अधिक जवळ आहे. पुतण्या चुलत्याकडे धावला यावर सगळे एकमत आहेत. दादांनी काय लिहिले होते हे क्षणभर बाजूस ठेवले, तरी गळ्यात पडलेल्या मुलाला त्यांनी सोडवले नाही, हे ठरवायला मोडीचा कागद लागत नाही. खुद्द डफनेही दादांच्या या वागण्यावर बोट ठेवलेच आहे.

डफच्या मायदेशात, स्कॉटलंडमध्ये, न्यायालयांत शतकानुशतके निकालाचे तीन प्रकार होते. दोषी, निर्दोष आणि ‘सिद्ध झाले नाही’. आनंदीबाईच्या बाबतीत तो तिसरा निकाल डफला आपल्या घरातच सापडला असता. उपलब्ध साधनांवरून मी असे मांडीन: दादांचा कटातला भाग सिद्ध आहे, पकडण्याचा बेत होता की मारण्याचा, हे अनिश्चित आहे, अक्षरबदल हा उशिरा नोंदलेला, एकाच मुळाशी जाणारा प्रवाद आहे, आणि तो आनंदीबाईने केला, हे सिद्ध झालेले नाही. ती निर्दोष होती, असे मात्र मी म्हणणार नाही. तसे म्हणणे ही नव्या आवेशाची दुसरी कादंबरी होईल.

शाळेत हा वाक्प्रचार मी गाळत नाही. गाळून भाषा शुद्ध होत नसते. अर्थ सांगतो, आणि वाक्यात उपयोग करताना ग्रामपंचायतीचा ठराव, बँकेचा अर्ज, काहीही घ्या, पण आनंदीबाईचे नाव घालू नका, एवढे सांगतो. मुले कारण विचारतात, मग तासिका संपेपर्यंत इतिहासच चालतो आणि व्याकरण राहून जाते.

मे १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला आणि इंग्रजांनी दादांचा हात सोडला. महिना पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर दादा गोदातीरी कोपरगावला आले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजी वारले. आनंदीबाई मागे राहिली. दादांचा धाकटा मुलगा चिमाजी त्यांच्या पश्चात १७८४ मध्ये जन्मला. पुढची दहा वर्षे नानांच्या पहाऱ्यात गेली; हा पहारा खुनाच्या शिक्षेचा नव्हता, गादीवर हक्क सांगू शकतील अशा मुलांच्या आईवरचा होता. नाशिकजवळच्या चौंधस गावाला तिच्या नावावरून आनंदवल्ली म्हणतात. १७९४ च्या मार्चमध्ये ती तेथेच वारली. नाना फडणीस त्या वेळी हयात होते. त्यांनी लिहून ठेवलेले आत्मचरित्र पानिपतावरून परत येण्यापाशीच थांबते, आणि या सगळ्या प्रकरणात ज्याला सर्वांत जास्त माहीत होते, त्या माणसाने त्यापुढचे काहीच लिहिलेले नाही.